खोलीचा श्वास

कॅसेटवरची बाई नवऱ्याला सांगत होती, विहिरीला पाणी बरं आहे, म्हैस व्याली, आणि तुम्ही पाठवलेलं घड्याळ मागे पडतं. तिच्या बोलण्यामागे कुठेतरी पंप चालू होता. मी तो पंपाचा आवाज पुसत बसले होते आणि माझ्या कानात हिस येत होती.

कॅसेटची हिस मला ओळखीची आहे. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ बारीक सुटत असते ना, तसा तो आवाज. पन्नास वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या आसपासच्या घराघरांतून आखातात गेलेल्या नवऱ्यांना अशा बोलत्या चिठ्ठ्या जायच्या. आता त्यांची नातवंडं त्या कॅसेटी पेट्यांतून काढून माझ्याकडे स्वच्छ करायला पाठवतात. यंत्राने हे काम मिनिटात होतं, पण यंत्राला एक खोड आहे. जिथे शब्द हरवलेला असतो, तिथे ते स्वतःच्या मनाने शब्द भरतं. एका घरातल्या आजीला ठसका लागला होता. यंत्राने तिथे तिच्याच आवाजात 'काळजी करू नका' घातलं. त्या माणसाला काळजी करू नका म्हणणारी ती बाई नव्हतीच म्हणे. तेव्हापासून ज्यांना परवडतं ते हाताने काम करणाऱ्याकडे येतात. मी भरत नाही. मी फक्त पुसते.

पण पुसलेल्या जागी नुसती शांतता ठेवून चालत नाही. जिना उतरताना एक पायरी नसावी तसा कान त्या जागी धडपडतो. म्हणून त्याच कॅसेटवर बाई श्वास घ्यायला थांबली असेल, तिथली रिकामी खोली उचलायची आणि भोकावर ठिगळासारखी लावायची. त्याला मी खोलीचा श्वास म्हणते. लग्नानंतर मंदारला हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे चोरी लपवायचीच कला की!"

तर ती हिस कॅसेटची नव्हती. ती जुईच्या खोलीतून येत होती.

गच्चीवरच्या खोलीत, चारी भिंतींना गोधड्या टांगून मी काम करते. माझी मुलगी जुई खाली माझ्या आईजवळ असते. तिच्या खोलीतल्या माईकचा आवाज माझ्या कानात कॅसेटच्या खालून बारीक वाहत असतो. चमच्याची वाटी, आईचं गुणगुणणं, जुईचं 'भू भू'. पोरगी जवळ आहे असं वाटायचं. मधूनमधून ते सगळं थांबायचं आणि ही हिस यायची. थोडा वेळ राहायची, जायची. आणि एक विचित्र गोष्ट, जी लक्षात आल्यावरही मी आठवडाभर कुणालाच सांगितली नाही. हिस आली की मला पान्हा फुटायचा.

शेवटी जेवताना सांगितलं.

"मंदार, तुझ्या कानमेळाला दमा झालाय."

"का? काय झालं?"

"सूंसूं करतो. आणि ऐक, हसू नकोस हं. तो सूंसूं करायला लागला की माझा ब्लाउज भिजतो."

आईने ताटातून मान वर केली नाही. मंदार हसला नाही. मला वाटलं, मीच हसू नकोस म्हटलं म्हणून.

कानमेळ त्यानेच आणला होता. मंदार एका खासगी दवाखान्यात लोकांचे कान तपासतो, श्रवणयंत्रं बसवून देतो. जुई झाल्यावर माझे मोठे हेडफोन अडगळीत गेले, कारण मांडीवर घेतली की ती त्यांची वायर लगाम ओढल्यासारखी ओढायची. मग कॉलेजातले जुने, कानात घालायचे इयरफोन काढले. ते फार तल्लख. इतके, की माझ्या मशीनची स्वतःची धुसफुसही ऐकवायचे.

प्रत्येक इयरफोन विजेला कमी-जास्त अडवतो. त्याला म्हणतात इंपीडन्स. माझे इयरफोन जेमतेम अडवणारे. असे इयरफोन जोरकस मशीनला लावले की गाण्याबरोबर मशीनची धुसफुसही सुळकन आत शिरते. उपाय जुना आहे. मध्ये एक छोटा रोधक घालायचा. त्याने गाणं आणि धुसफुस दोन्ही खाली जातात. मग आवाज वाढवायचा. गाणं वर येतं, धुसफुस मात्र खालीच राहते, कारण ती आवाजाच्या बटणाच्या पुढे, शेवटच्या टप्प्यात जन्मलेली असते. बटणाचा हुकूम तिला लागू नसतो.

कानमेळ हा त्याच्या पुढचा शहाणा. गळ्यात अडकवायची काडेपेटीएवढी डबी. तिच्यात कुठलेही इयरफोन खुपसा, ती त्यांच्याशी जुळवून घेते. शिवाय कानाशीही. कारण कानाचा पडदा आवाज सगळाच्या सगळा आत घेत नाही. थोडा परत पाठवतो. डबी ऐकू न येणारा एक सूर कानात सोडत राहते आणि परत किती आला ते ऐकते. सर्दी झाली, जांभई आली, की हे प्रमाण बदलतं. दचकलं तरी बदलतं. कानात आत एक इवलासा स्नायू आहे. नको तो आवाज आला की तो ताणला जातो आणि पडदा कडक होतो. डबीला ते क्षणात कळतं.

"झोपूनच राहा, मी मेळ बसवतो," मंदार म्हणाला होता. तेव्हा जुई तीन-साडेतीन महिन्यांची असेल. मी तिला पाजता पाजता कलंडले होते आणि तो माझ्या कानाशी काहीतरी करत होता. त्याच्या बोटांना साबणाचा वास येत होता. डोळे उघडले तेव्हा सगळी धुसफुस गेली होती. इतकं बरं वाटलं की मी रडले.

"इयरफोन जुने झालेत तुझे," आता तो आमटी वाढून घेत म्हणाला. "इंपीडन्स जुळत नसणार."

"मग डबी कशाला आहे? जुळवणं हेच तिचं काम ना?"

"प्रत्येकाला मर्यादा असते, रेवू."

"डबीला की डबी आणणाऱ्याला?"

"जावयाला जेवू दे गं बाई," आई म्हणाली आणि उठून आत गेली. तिच्या पानात भात तसाच होता.

रविवारी मंदार ओटीवर सोल्डरिंगची काडी घेऊन बसला. जीभ दातांत धरून त्याने माझ्यासाठी रोधकाचं बोंडुक जोडून दिलं. एका टोकाला खाच, दुसऱ्या टोकाला पिन, मध्ये काळ्या नळीत झाकलेले दोन रोधक, दोन्ही कानांना एकेक. जुई समोर पायांवर डुलत उभी होती, धुराकडे बघत.

"हे घ्या, राणीसाहेब. आता सूंसूं बंद."

मी त्याच्या डोक्यावर टपली मारली. शेजारच्या सुर्वेकाकू कुंपणावरून ओरडल्या, "काय गं, बोलते का लेक? 'आई' म्हणाली की नाही?"

"नाही अजून. बाबा म्हणते, आज्जी म्हणते, कावळ्याला काऊ म्हणते."

"बापावर गेली! तुझं नावच घेत नाही. गच्चीवर जाऊन बसतेस ना, विसरली असेल."

त्या चेष्टेतच म्हणाल्या, पण मला लागलं. अकरा महिने झाले होते. मी रोज तिच्यासमोर बसून आ-ई, आ-ई करायचे. ती माझ्या ओठांकडे बघायची आणि मग तोंड फिरवायची. मला धास्ती वाटली म्हणून मंदारने तिला दवाखान्यात नेऊन कान तपासले होते. मी काचेपलीकडे बसले होते. तो बाहेर येऊन म्हणाला, "कान उत्तम आहेत. घाबरू नकोस. येईल तो शब्द." मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. बराच वेळ.

सोमवारी बोंडुक लावून बसले. मशीनची धुसफुस नाहीशी झाली. कॅसेटमधली बाई जणू गोधडीपलीकडेच उभी होती. मग जुईची खोली गप्प झाली आणि हिस आली. रोधकामुळे तीही अगदी पुसट. मी आवाज वाढवला.

हिस वर आली.

मी आवाज कमी केला. हिस खाली गेली. परत वाढवला. परत वर. ती बटणाचा हुकूम मानत होती. म्हणजे ती डबीत जन्मलेली नव्हती. इयरफोनचा दोष नव्हता, इंपीडन्सचा तर नव्हताच. ती आवाजाबरोबर, आवाजाच्या आतून येत होती. कुणीतरी टिपलेली हिस होती ती.

हे मंदारला न कळणं शक्य नव्हतं. पहिल्यांदा तसं वाटून गेलं आणि मी ते झटकलं. तेवढ्यात हिसमध्ये पाल चुकचुकली.

पाल चुकचुकली की आपोआप माझं बोट जमिनीवर टकटक करतं. आईची सवय. आपण काही बोललो आणि लगेच पाल बोलली, तर ते खरं. बोट आपटून मान द्यायचा, 'कृष्ण कृष्ण' म्हणायचं. जुईला त्याची फार गंमत. पाल कुठे आहे ते ती बघतच नाही, माझ्या बोटाकडे बघते. हल्ली पाल फार बोलते म्हणून मी खूश होते. गच्चीवर एकटी बसून टेबलावर बोट आपटायचे आणि हसायचे.

आता टकटक केलं. मग लांबवर झावळ पडल्याचा आवाज आला, धप्प, आणि फरफट. आमच्या परसात एकच माड. हिस चालू होती. पुन्हा पाल. तशीच, तेवढीच. माझं बोट वर उचललेलं तसंच राहिलं. आणि थोड्या वेळाने, धप्प, फरफट.

एका माडाच्या झावळा अशा लागोपाठ, त्याच आवाजात पडत नसतात.

हा तुकडा फिरून फिरून वाजत होता. उचललेला आणि ठिगळासारखा लावलेला. माझं कामच हे. दुसऱ्या कुणाला ते ऐकू आलं नसतं. ठिगळ दिसल्यावर मला एकच प्रश्न पडतो, आणि तोच पडला: खाली भोक कसलं आहे?

छातीशी ओल पसरत होती. मी उठले. डबी गळ्यात, उजव्या कानात इयरफोन तसाच, डावा काढून हातात धरला. दार उघडलं.

जिन्याच्या वरच्या पायरीपासूनच ते ऐकू आलं. उजव्या कानात रिकामी, शांत खोली होती. पाल, झावळ, दुपार. डाव्या कानात माझी मुलगी जीव तोडून रडत होती.

किती पायऱ्या कशा उतरले ठाऊक नाही. आई तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. जुईचा चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. नुकतंच दार बोटावर आपटलं होतं म्हणे. मी तिला ओढून घेतलं. उजव्या कानात अजून पाल बोलत होती. मी इयरफोन उपटून काढला.

"अगं, तू कशाला उतरलीस?" आई भेदरून म्हणाली. "मी घेतलंय ना! आणि हल्ली तर ती हाकसुद्धा मारत नाही."

जुई माझ्या गळ्यात हुंदके देत होती. मी आईकडे बघितलं.

"हल्ली?"

आईने पदर तोंडाशी नेला.

"हल्ली म्हणजे काय, आई? आधी मारायची?"

"बाय माझी, बस आधी."

"आधी मारायची का?"

"मंदारराव जेवायला येतायत आत्ता. ते सांगतील."

मंदार आला तेव्हा जुई माझ्या मांडीवर दूध पिऊन झोपली होती. बोटावर निळा डाग उमटला होता. कानमेळ मी त्याच्या ताटात ठेवला होता, जिथे पोळी असायची तिथे. त्याने डबीकडे बघितलं, मग आईकडे. चप्पलसुद्धा न काढता खाली बसला.

"कधी कळलं?"

"बोंडुक तूच जोडून दिलंस. त्यानेच सांगितलं."

"मला वाटलं, तुला वाटेल इयरफोनचंच काहीतरी आहे."

"मी काय करते दिवसभर, मंदार? वर बसून?"

त्याने आता चपला काढल्या. मग बोलायला लागला, पेशंटला सांगतो त्या सुरात, कारण त्याला दुसरा सूर सापडत नव्हता. कानमेळला कोणता आवाज कानाला सोसत नाही ते कळतं. पडदा कडक होतो त्यावरून. कंपनीने त्याचा उपयोग केला. ज्यांना फटाक्याने, कुत्र्याच्या भुंकण्याने झटके येतात, अशांसाठी सोय केली. तो एक आवाज कानात येण्याआधीच झाकायचा. दवाखान्यात ते त्याला सावली म्हणतात. त्याच्याकडे एक ड्रायव्हर येतो, ज्याच्यासमोर गॅसची टाकी फुटली होती. सावलीमुळे तो आता दिवाळीत घरी राहू शकतो.

"त्याला विचारून दिलीस ना सावली?"

"हो."

"मग मला?"

"तू पेशंट नव्हतीस," तो म्हणाला, "तू माझी बायको होतीस. तुला आठवत नाही का, रेवू, कशी होतीस? ती रडत नसली तरी तुला रडणं ऐकू यायचं. बाथरूममधून साबणाच्या अंगाने धावत यायचीस. ती झोपलेली असायची आणि तू तिच्या नाकाशी बोट धरून उभी. त्या दिवशी पाजताना तू कलंडलीस, ती तुझ्या हाताखाली होती. मी वेळेवर आलो. नसतो आलो तर?"

हे खरं होतं. मला आठवत होतं. पण मला आणखीही आठवत होतं: त्याच्या बोटांचा साबणाचा वास, आणि 'झोपूनच राहा.'

"मेळ बसवला तेव्हाच घातलीस?"

"हो. थोडे दिवसच ठेवणार होतो. पण तू झोपायला लागलीस, हसायला लागलीस. काम घ्यायला लागलीस. आईंना मी सांगितलं होतं, ती रडली की लगेच उचलायची. तिला एक क्षणही कुणी रडत ठेवलं नाही."

"तिने मला हाक मारली, मंदार."

"ते नंतर झालं."

"केव्हा?"

"दोन महिने झाले असतील. ती झोपेतून उठून रडत होती, आणि रडता रडता... म्हणाली. 'आई' म्हणाली. आईंनी मला फोन केला. मी म्हटलं, आता बंद करतो सावली. पण बंद करायची म्हणजे तुला सांगायला हवं होतं. इतके महिने चालू होती हे सांगायला हवं होतं." त्याने डोळे पुसले. "रोज ठरवायचो. रोज."

"आणि तिचे कान तपासलेस. मला काचेमागे बसवून."

त्याने ताटातली डबी उपडी केली.

"माझ्यासमोर का नाही म्हणाली ती कधीच?"

"तू समोर असायचीस ना," आई दारातून हळूच म्हणाली. "समोरच्याला कोण हाक मारतं गं? तू वर गेलीस की मारायची. जिन्याकडे बोट करून. मग मीच यायचे उचलायला. थोड्या दिवसांनी तिने सोडलं. आज्जी म्हणायला लागली."

मांडीवर जुईने झोपेत सुस्कारा टाकला. रडून झोपलेल्या पोरांच्या श्वासात मागाहून एक हुंदका राहतो, तसा.

"ते झाकलेलं कुठे आहे?" मी विचारलं. "डबीत असेल ना?"

"डबी काही साठवत नाही. खासगीपणाचा नियम आहे."

"कुणाच्या? माझ्या?" मला हसू आलं आणि ते मलाच नको होतं. "आणि झाकण? ते कुठून आणलंस?"

"कंपनीचं तयार असतं. सपाट. तू ते लगेच ओळखलं असतंस." तो डबीकडे बघत होता. "तूच शिकवलं होतंस, त्याच खोलीचा श्वास लागतो. म्हणून एकदा तुम्ही सगळे बाहेर गेला होतात, तेव्हा जुईच्या खोलीत टिपला. खोली फारच शांत होती, माईक पुष्कळ चढवावा लागला. त्याची हिस आली ती तशीच राहिली."

"पाल तरी काढायची होतीस. इतकंही शिकला नाहीस?"

"मुद्दाम ठेवली," मंदार म्हणाला. "पाल बोलली की तू हसतेस."

मला वाटलं होतं, खोटं पकडलं की माणूस परका दिसतो. तसं झालं नाही. तो तसाच दिसत होता, माझ्या ओळखीचा, सोल्डरिंग करताना जीभ दातांत धरणारा. त्यानेच सगळं जास्त वाईट झालं.

"एक सांग. झाकायच्या आधी डबीला कळतं कसं, की आता जुई रडणार?"

"अंदाजाने. पण खात्रीला एक अगदी बारीक तुकडा कानात सोडावाच लागतो, पडदा कडक होतो का ते बघायला. पापणी मिटायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. तुला ऐकू येणं शक्यच नव्हतं."

"मला नाहीच आलं," मी म्हटलं. पदर बाजूला करून ब्लाउजवरचे वाळलेले, एकावर एक चढलेले डाग त्याला दाखवले. "पण ह्या छातीला येत होतं. रोज. ही उठून धावत होती आणि मी तिला बसवून ठेवत होते."

त्याने डोकं खाली घातलं. मी जुईला उचलून आत तिच्या गादीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ सुरू होता आणि ती काहीच धूत नव्हती.

"तुझ्या भल्यासाठीच गं," ती म्हणाली. "तू गेली असतीस हातातून. मी माझी लेक बघू की तुझी?"

मी नळ बंद केला. घर शांत झालं. कुठल्याच भिंतीवर पाल बोलली नाही.

"कशी म्हणाली?"

"काय?"

"पहिल्यांदा. तू ऐकलंस. डबीने साठवलं नाही, मंदार तिथे नव्हता. फक्त तुझ्याकडे आहे. म्हणून दाखव."

"काहीतरीच. मला कुठे येतंय तसं?"

"येतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नकला करतेस की. म्हणून दाखव, आई."

ती ओट्याला टेकली. डोळे मिटले. तिने खालचा ओठ थोडा पुढे काढला, श्वास अर्धाच घेतला, रडून रडून दमलेलं पोर घेतं तसा. आणि सत्तरीला आलेली माझी आई, पांढऱ्या केसांची, गुडघे धरून चालणारी, माझ्याकडे तोंड करून म्हणाली,

"आऽ... ई?"

शेवटी आवाज वर गेला होता. ती हाक नव्हती, विचारणं होतं. आहेस का?

पान्हा आला. कसलीही हिस नव्हती, भर दुपार होती, समोर माझी म्हातारी आई होती आणि माझ्या छातीतून दूध वाहत होतं. मी ओट्याची कड घट्ट धरून उभी राहिले. आईने हात पुढे केला. मी तो घेतला नाही.

आत गेले तेव्हा जुई जागी होती. कधीची जागी होती कोण जाणे. पाठीवर पडून छताच्या पंख्याकडे बघत होती, हूं नाही की चूं नाही. सुर्वेकाकू म्हणतात, किती गुणी पोर गं तुझी, उठली तरी कळत नाही. मी तिला दिसेन अशी गादीशेजारी जमिनीवर बसले. तिने माझ्याकडे बघितलं. आनंदली नाही, रुसलीही नाही. नुसतं बघितलं, मी आता किती वेळ थांबणार याचा अंदाज घेत असल्यासारखं.

मागे दारात पावलं वाजली. मंदार होता, त्याच्या मागे आई. कुणी आत आलं नाही.

"म्हणेल गं ती परत," आई म्हणाली. "लेकरं विसरतात. म्हणेल."

माझं बोट आपोआप वर उठलं. जमिनीपासून वीतभर. मी पालीची वाट बघत राहिले. भिंतीवर, कपाटामागे, खिडकीच्या चौकटीत. खोली गप्प होती. कुणी न भरलेली, खरीखुरी गप्प. माझा हात अवघडला तरी मी बोट खाली घेतलं नाही.

जुई कुशीवर वळली. तिने माझं अधांतरी बोट बघितलं, माझा चेहरा बघितला, पुन्हा बोट बघितलं. मग स्वतःचा हात दुपट्यातून बाहेर काढला आणि तेच निळं पडलेलं, दुखरं बोट गादीवर आपटलं. टक टक.